ग्राम ‘अ’ची विहीर

“ज्यांनी नेलं, त्यांनी परत येऊन सांगायला नको होतं का?”

इंगोले सर अंगणातल्या बाजेवर बसून हे म्हणाले. कुणाविषयी, ते सांगितलं नाही.

समोर डॉ. मकरंद वैरागडे बसला होता. त्यांचा जुना विद्यार्थी, आता विद्यापीठात प्राध्यापक. त्याला वाटलं, गावातलं काही भांडण असेल. निवृत्तीनंतर सर या आडगावात राहायला आले होते. इथे अशी भांडणं कानावर येणारच. त्याने मान हलवली आणि मांडीवरची फाइल उघडली.

विद्यापीठातलं एक मानाचं अध्यासन रिकामं झालं होतं. अर्जाला मूळ मार्गदर्शकाचं शिफारसपत्र लागत होतं. मजकूर मकरंदनेच लिहून आणला होता. फक्त सही हवी होती.

सरांनी पत्र हातात घेतलं, पण वाचलं नाही. त्याच्या कामाविषयी विचारलं.

मकरंद सांगू लागला. सुरुवात याच गावातून झाली होती. विद्यार्थी असताना तो इथल्या विहिरीचं पाणी बाटल्यांतून नेत असे. त्यातल्या फ्लोराइडवर त्याचा पहिला शोधनिबंध निघाला, रसायनशास्त्राचा. मग एका दंतवैद्यासोबत त्याने इथल्या मुलांच्या दातांवरच्या तपकिरी डागांवर लिहिलं. आखडलेल्या गुडघ्यांमुळे किती मजुरी बुडते, यावर लिहिलं तेव्हा तो अर्थशास्त्रातही गेला. डागाळलेल्या दातांच्या मुलींची लग्नं जमत नाहीत, हे समाजशास्त्राच्या नियतकालिकात आलं. आता कायद्याचे लोकही त्याला बोलावत होते. शुद्ध पाण्याच्या हक्कावर.

इतक्या विषयांतले लोक एकाच माणसाचा आधार घेतात, हे दुर्मीळ असतं, असं त्याला परदेशातून कुणीसं कळवलं होतं. सायटेशनचा, म्हणजे त्याच्या निबंधांचे इतरांनी दिलेल्या दाखल्यांचा, आकडा तो आता सांगणार होता.

सरांनी हात वर केला. आकडा राहिला.

“दमलेला दिसतोस.”

मकरंद हसला... मग हसू ओसरलं. दमलोय, म्हणाला. सकाळी उठून चहाच्या आधी तो आकडा बघतो. वाढला नसेल तर दिवस वाईट जातो. वाढला असेल तर तो आनंद दुपारपर्यंतही पुरत नाही. हे अध्यासन मिळालं की थांबेन, असं बायकोला कबूल केलंय.

“प्राध्यापक झालास तेव्हाही हेच म्हणाला होतास.”

मकरंदने फाइल मिटली.

सर उठले. गुडघ्यावर हात टेकत माठापाशी गेले, पेलाभर पाणी काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

उन्हाचे दिवस होते. मकरंदने पेला घेतला, ओठांपर्यंत नेला, आणि विचारलं, हे पाणी कुठलं?

“विहिरीचं. इथे सगळे तेच पितात.”

पेला हवेतच राहिला...

मकरंदने तो हळूच खाली ठेवला. गाडीत बाटली आहे, म्हणाला.

“बरं झालं,” सर म्हणाले. “तुझा निबंध वाचून शहाणा झालेला एक तरी माणूस निघाला.”

त्यांनी पेला उचलला आणि स्वतः पिऊन टाकला. मकरंद अडवायला अर्धा उठला होता. सरांनी खुणेनेच त्याला बसवलं. माझी हाडं वाकायची तेवढी वाकून झाली आहेत, म्हणाले.

मकरंदला आता खरंच काही कळेनासं झालं. त्याला वाटत होतं, इथे कधीचाच नळ आला असेल. निदान टँकर तरी. राज्याच्या पाणी अहवालात त्याच्या कामाचा आधार घेतलेला होता. मंत्र्याने भाषणात उल्लेख केला होता. मग इथे कुणीच कसं आलं नाही, त्याने विचारलं.

“कुठे येणार?” सर म्हणाले. “अहवालात गावाचं नाव काय आहे?”



अहवालात गावाचं नाव ‘ग्राम अ’ होतं. मकरंदच्या प्रत्येक निबंधात ते ‘ग्राम अ’च होतं. ज्यांचा अभ्यास केला त्यांची ओळख उघड होऊ नये, म्हणून गावाचं नाव झाकायचं, हा संशोधनातला नियम आहे. चांगला नियम आहे. मकरंदने तो काटेकोर पाळला होता. म्हणून ‘ग्राम अ’ परिसंवादांमध्ये गाजत होतं, आणि टँकर नेमका कुठे पाठवायचा, हे तालुक्याच्या गावीही नव्हतं.

“नाव झाकायला तुम्हीच शिकवलंत, सर.”

अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. दोघेही तिच्याकडे बघत बसले.

“हो, मीच शिकवलं,” अखेर ते म्हणाले. “माणसं झाकायला शिकवलं. विहीरही झाकली जाईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.”

मग त्यांनी सांगितलं. निवृत्त झाल्यावर वेळच वेळ होता, म्हणून त्यांनी मकरंदचे सगळे निबंध ओळीने वाचून काढले. प्रत्येकाच्या शेवटी एक वाक्य होतं: स्थानिक लोकांमध्ये जागृती होणं आवश्यक आहे. विषय बदलत होता, वाक्य तेच राहत होतं. जागृती कुणी करायची, हे एकाही निबंधात नव्हतं. शेवटी ते स्वतःच इथे आले. घरोघर जाऊन सांगितलं, हे पाणी पिऊ नका.

लोकांनी ऐकून घेतलं. चहा दिला. मग समजावलं की सर, तुम्ही नवे आहात. या पाण्याच्या बाटल्या शिकलेली पोरं घेऊन गेली होती, मशीनवर घातल्या होत्या. खराब निघालं असतं तर ती सांगायला आलीच असती. आली नाहीत, म्हणजे चांगलं निघालं.

“तुझं गप्प बसणं हाच त्यांनी निकाल मानला, मकरंद.”

मकरंद जमिनीकडे बघत होता. आवाज खाली आणून तो म्हणाला की सांगावं असं एकदा मनात आलं होतं. पण तेव्हा दरवर्षीची नोंद चालू होती. मधेच सांगितलं असतं तर लोकांनी पाणी बदललं असतं... आणि पुढची मोजमापं बिघडली असती.

“हो,” सर म्हणाले. “बिघडली असती.”

रागावले असते तर मकरंदला सोपं गेलं असतं.

त्यांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं. पत्र मांडीवर ठेवून, न वाचताच, खाली सही केली आणि त्याच्या हातात दिलं.

मकरंदला हे अपेक्षित नव्हतं. वाटेत त्याने कितीतरी उत्तरं जुळवून ठेवली होती. आता त्यांतलं एकही कामाचं नव्हतं.

“तुमची काही अट...?”

“नाही. सही तुझ्या कामाला आहे, आणि काम चोख आहे.” सरांनी हाताने दिशा दाखवली. “विहीर त्या बांधाच्या पलीकडे. तुझी गाडी तिथूनच जाईल. थांबायचं की नाही, ते तू बघ.”

मकरंद पत्र धरून उभा राहिला. तिथे थांबून बोललं की गावाला नाव येणार. नाव आलं की वर्तमानपत्रवाले येणार. अध्यासनाची समिती विचारणार की तुम्हाला हे किती वर्षांपासून ठाऊक होतं.

“विचारतील, सर.”

“विचारतील.”

मकरंद निघाला. गाडी बांधापर्यंत आली. तिथे तिचा वेग कमी झाला, मग ती पुढे गेली... आणि थोड्या अंतरावर जाऊन थांबली. बराच वेळ दार उघडलं नाही.

मग उघडलं.

विहिरीवर गिरजाबाई मडावी एकटीच पाणी भरत होती. मकरंद पूर्वी पाणी न्यायला येई तेव्हा तीच त्याच्या बाटल्यांना दोरी बांधून देत असे. तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आली होती. आता तिला वाकताना एक हात विहिरीच्या काठावर टेकावा लागत होता. तिने त्याला ओळखलं. पानीवाले सर, म्हणाली, आणि हसली. दातांवर पदर धरून.

मकरंदने सांगितलं.

हे त्याने अनेक देशांत सांगितलं होतं. मराठीत पहिल्यांदाच सांगत होता, आणि शब्द सापडत नव्हते. या पाण्याने दात जातात, म्हणाला. हाडं जातात. तुमचे गुडघे यानेच धरलेत. मुलांना तर अजिबात देऊ नका. आम्हाला हे तेव्हाच कळलं होतं.

गिरजाबाई ऐकत राहिली. रडली नाही, चिडली नाही. बराच वेळ भरलेल्या घागरीकडे बघितलं. मग विचारलं की हे नाही, तर कोणतं प्यायचं?

मकरंदचा चेहरा एकदम उजळला. याचं उत्तर त्याच्याकडे होतं. शाळेतल्या हापशीचं, तो घाईने म्हणाला. तुलनेसाठी आम्ही तेही पाणी नेत होतो. ते दर वेळी चांगलं निघालं. अगदी निर्धास्त प्या.

गिरजाबाईने घागर काठावर टेकवली.

“थे हापशी तं कवाचीच बंद पडली, सर,” ती म्हणाली. “पंचायतवाले दुरुस्त करू म्हनत होते, तं आमीच नको म्हनलं. विहिरीचं पानी तुमी तपासलेलं हाये ना.”