गावाला वळसा घालणारी वाट

एका वृद्ध चित्रकाराकडे एकदा एक शिष्य होता. सात वर्षांच्या साधनेने त्याचा हात तयार झाला होता, मन मात्र स्थिर नव्हते. आपले नाव कधी होणार, या विचाराने तो सतत तळमळत असे.

शहरात स्थायिक झालेल्या एका व्यापाऱ्याने नव्या घरासाठी त्याच्याकडून आपल्या मूळ गावाचे रेखाचित्र मागितले. शिष्य तीन दिवस त्या गावालगतच्या टेकडीवर बसला. देवळाचा कळस, कौलारू घरे, गावाबाहेरची दहा-बारा खोपटी, आणि तिथून निघून गावाला वळसा घालत नदीकडे जाणारी एक नाजूक पायवाट. त्या वळणावर तो स्वतःच लुब्ध झाला.

गुरूंनी चित्र बराच वेळ न्याहाळले. मग म्हणाले, "उद्या सकाळी हंडा घे आणि खोपट्यांपासून या वाटेने नदीवर जा. पाणी भरून त्याच वाटेने परत ये."

"गुरुजी, माझ्या रेषेत काही चुकलं का?"

"जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी भरला हंडा खांद्यावर घेऊन परतताना त्याची मान भरून आली. निम्मे पाणी वाटेतच सांडले. पुढे सगुणा नावाची एक प्रौढ बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चालली होती. न राहवून त्याने विचारले, "बाई, गावातून गेलात तर अर्धी चाल वाचेल की!"

ती थांबली. "तुमची वाचंल. आमची वाट हीच."

"कोणी अडवतं का?"

"आता कोण अडवत न्हाई. पर माझ्या सासूला तिथनं जाताना दगड मारलेले. परवा सून म्हणाली, मी जाते मधनं. मीच नको म्हणलं." ती ओशाळल्यासारखी हसली. "पायच वळत्यात, काय करायचं?"

शिष्य परतला तो चित्र फाडायलाच निघाला. गुरूंनी त्याचा हात धरला.

"फाडून वाट सरळ होईल? तू वळण खोटं काढलं नाहीस. ते तिथे का आहे, एवढंच विचारलं नाहीस. नदी उतार पाहून वळते. माणसाच्या वाटेत डोंगर नाही, खड्डा नाही, तरी ती वळते, तेव्हा तिथे डोळ्यांना न दिसणारं काहीतरी आडवं उभं असतं. ते ज्याला वाचता येत नाही, त्याने गाव पाहिलेलंच नसतं."

व्यापारी चित्र पाहून हरखला. "वा! ही वाट काय सुरेख वळवलीत!"

गप्प राहिले तर नाव होणार होते. तरीही शिष्याने सगुणाबाईंचे बोलणे जसेच्या तसे सांगितले.

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "पाहुणे येतील, नाना गोष्टी विचारतील. ती वाट पुसून टाका. खोपटीसुद्धा."

"शेठ, गाव तुमचं आहे. पण ती माणसंही त्याच गावची आहेत. मला ती पुसता येणार नाहीत."

"मग चित्र तुमच्याकडेच ठेवा."

शिष्य चित्र काखेत घेऊन मोबदल्याविनाच बाहेर पडला. जे गमावले त्याचे दुःख होतेच, ते त्याने स्वतःपासून लपवले नाही. पण घरी बसवेना. दुसऱ्या सकाळी तो टेकडीवर न जाता खोपट्यांपाशी गेला आणि सगुणाबाईंच्या अंगणात, त्यांना विचारून, कागद उघडून बसला.

समोर तेच गाव होते. पण इथून कळस दिसत नव्हता. दिसत होत्या घरांच्या मागच्या भिंती, एकीला लागून एक, आणि त्या साऱ्या रांगेत या बाजूला उघडणारे दार एकही नव्हते. तो कितीतरी वेळ नुसता पाहत राहिला. मग त्याने पहिली भिंत काढायला घेतली.