कॉम्प्युटरवाला केरबा

कासारतळे नावाच्या गावात एक भोळा माणूस राहत होता. तसे गावात भोळे बरेच होते, पण घरात कॉम्प्युटर असलेला भोळा एकच. त्याचं नाव केरबा चौगुले.

केरबाचा एक मोठा गुण होता. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. त्याची बायको आक्काताई म्हणायची, "इसरला असता तर निम्मं नुकसान टळलं असतं."

त्यांची एकुलती एक लेक सारिका पुण्यात एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. तिनं दिवाळीला घरी कॉम्प्युटर आणला, एक कॅमेरा आणला, आणि वरच्या अंगानं कागद वाचणारं नि खालच्या अंगानं कागद छापणारं एक यंत्रही आणलं. केरबानं सगळ्याला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आक्काताईनं वर क्रोशाचं झाकण घातलं. गाव बघायला आलं की केरबा झाकण उचलून दाखवायचा आणि परत घालायचा. चालू करा म्हटलं तर म्हणायचा, "कशाला? खराब हुईल." एवढ्यावर गाव त्याला कॉम्प्युटरवाले आप्पा म्हणू लागलं. आपल्याकडं मान मिळवायला यंत्र लागतं, ते चालवता आलं पाहिजे असं कुठं आहे?

मार्गशीर्षात सारिकाचा फोन आला. तिची सरकारी नर्सच्या यादीत निवड झाली होती. जागा कायमची, तीही गावापासून सात मैलांवर. तीन वर्षं ती परगावी उपाशीतापाशी ड्युट्या करत होती. आक्काताईनं देवापुढं साखर ठेवली आणि पदरानं डोळे पुसले.

"पण आप्पा, शुक्रवारपर्यंत सगळ्या कागदांच्या प्रती पाठवायच्यात. कागद घरच्या पेटीत आहेत. मग सोमवारी अकरा वाजता मी स्वतः मूळ कागद घेऊन ऑफिसात हजर पाहिजे. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार."

"तू घोर करू नगंस," केरबा म्हणाला. "कॉम्प्युटर घरात हाय."

सारिकानं दिवाळीतच सोय करून ठेवली होती. यंत्रावर कागद ठेवून हिरवं बटण दाबलं की तो कॉम्प्युटरमध्ये शिरून थेट पुण्यात तिला दिसायचा, आणि लाल दाबलं की कॉम्प्युटरमधल्याची प्रत खालनं छापून यायची. ती म्हणाली, "आधी शाळा सोडल्याचा दाखला काचेवर ठेवा आणि बटण दाबा."

केरबानं अंघोळ केली. दाखला काचेवर ठेवला. त्यावर सरकारी शिक्का होता. सरकारला तोंडघशी कसं पाडायचं? म्हणून त्यानं तो उताणा ठेवला आणि बटण दाबलं. पुण्यात पांढरा कोरा कागद पोचला.

"आप्पा, तोंड खाली करायचं! काचेला टेकवायचं. वरनं झाकण घट्ट दाबायचं. आणि काम होईस्तवर हलू द्यायचं नाही."

"तोंड खाली, झाकण वर, हलायचं न्हाई. समजलं," केरबा म्हणाला. दाखला व्यवस्थित गेला. आणि सांगितलेलं केरबाच्या डोक्यात पक्कं बसलं.

दुसऱ्या दिवशी सारिका म्हणाली, "अर्जात आईचा फोटो मागितलाय. तेवढा पाठवा." नर्सच्या नोकरीला आईचा फोटो कशाला, हे अर्ज छापणाऱ्याला ठाऊक नव्हतं, मग भरणाऱ्यानं विचारून काय उपयोग?

केरबानं आक्काताईला चुलीपुढनं उठवलं. टेबलापुढं स्टूल ठेवलं.

"वाक. तोंड काचेला टेकव."

"अवो, पर माझं तोंड कशापायी?"

"पोरगीनं सांगितलंय."

आक्काताई वाकली. केरबानं तिच्या डोक्यावर झाकण ठेवलं आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबलं. "हलू नगंस!" मग त्यानं कोपरानं हिरवं बटण दाबलं. तिच्या डोळ्यांखालनं पांढरा लखलखीत उजेड सरकत गेला. आक्काताईला वाटलं, न्यायलाच आले.

पुण्यात एक चपटं नाक, एक नथ आणि पोळीसारखा पसरलेला गाल पोचला. सारिकानं ड्युटी सोडून फोन केला. "आप्पा, आई पडली का हो?"

"पडती कशी? मी दाबून धरलं हुतं की."

सारिकानं कपाळाला हात लावला. "आप्पा, माणसाचा फोटो कॅमेऱ्यानं काढतात. अंगणात उजेडाला उभं करायचं. तोंडाला जरा पावडर लावायची. तीन पावलं मागं जायचं, हसा म्हणायचं, आणि मगच बटण दाबायचं."

"उजेड, पावडर, तीन पावलं, हसा. समजलं." आक्काताईचा फोटो झकास आला. ती हसली मात्र नाही. आणि सांगितलेलं केरबाच्या डोक्यात पक्कं बसलं.

संध्याकाळी सारिकाचा निरोप आला, 'नर्सिंगची गुणपत्रिका राहिली, ती पाठवा.' पुढं तिनं काही सांगितलं नाही. सांगणारे शहाणे असतात, पण पुरतं सांगत नाहीत. ऐकणाऱ्यानं मग हाताशी असेल ते वापरायचं.

सकाळी केरबानं पेटी अंगणात नेली आणि गुणपत्रिका बाहेर काढली. तुळशीकट्ट्याला टेकवून उभी केली. तिच्या तोंडाला पावडर लावली. मोजून तीन पावलं मागं गेला आणि म्हणाला, "हस."

गुणपत्रिका हसली नाही.

शेजारचा भाऊसो दूध घालून परत येत होता. तो कुंपणापाशी थांबला. "आप्पा, कुणाला हसायला लावताय?"

"सारिकाच्या गुणपत्रिकेला."

"हसली का?"

"अजून न्हाई. मार्क कमी पडल्यात काय की."

भाऊसो सायकल तिथंच टाकून हसत बसला. आक्काताई आवाज ऐकून बाहेर आली. तिनं गुणपत्रिका उचलली, फुंकर घालून पावडर झाडली, आणि पेटीसकट आत निघून गेली. दुपारी ती पिशवी घेऊन एसटी स्टँडकडं जाताना दिसली. कुठं चालली हे केरबानं विचारलं नाही, कारण विचार असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सारिकाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "कागद यंत्रावर, माणूस कॅमेऱ्यात. एवढंच लक्षात ठेवा. आता आईचा फोटो कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरमध्ये घ्यायचाय. दोन्ही वायरनं जोडा आणि दहा मिनिटं थांबा."

केरबानं विहिरीच्या मोटरीची जुनी वायर काढली. कॅमेरा कॉम्प्युटरच्या पडद्याला लावला, सहा वेढे दिले, गाठ मारली, गाठीवर पाय देऊन आवळली. समोर घड्याळ घेऊन दहा मिनिटं बसला. वर पाच मिनिटं आपल्या पदरची घातली. फोटो काही हलला नाही.

"आप्पा, खोक्यात बारीक वायर आहे. एक टोक कॅमेऱ्यात, एक टोक कॉम्प्युटरमध्ये खुपसा. पडद्यावर चौकोन येईल, तो दाबा. आणि एकदा आत गेलं की बाहेरचं पुसून टाकायचं. ठेवून काय करायचंय? नुसती जागा अडते."

"आत गेलं की बाहेरचं पुसायचं. समजलं." आक्काताईचा फोटो कॉम्प्युटरमध्ये गेला. दिवाळीत काढलेला सारिकाचाही गेला. केरबानं कॅमेरा पुसून लख्ख रिकामा केला. आणि सांगितलेलं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

शुक्रवारी आक्काताईनं उरलेले सात कागद त्याच्या हातात दिले. केरबानं एकेक कागद तोंड खाली करून ठेवला, झाकण दाबलं, बटण दाबलं. एकही चुकला नाही. पुण्याहून फोन आला, "आप्पा, सगळे मिळाले! शाब्बास!"

केरबाचा ऊर भरून आला. अख्ख्या जन्मात त्याला शाब्बास कुणी म्हटलं नव्हतं. पोरीचं भलं आपल्या हातून झालं, या आनंदात तो जरा वेळ नुसताच बसून राहिला. मग त्याची नजर टेबलावर गेली. सातही कागद आत गेले होते. आणि बाहेर नुसती जागा अडवून बसले होते.

केरबा उठला. त्यानं बादली भरली आणि कपड्याचा साबण घेतला.

रविवारी दुपारी सारिका घरी आली. अंगणातल्या दोरीवर सात कागद चिमट्यांनी टांगलेले होते. काही फाटलेले, काही नुसतेच लगदा झालेले.

"हे काय आहे, आप्पा?"

"तुजं कागुद. तीन पाण्यांतनं काढल्यात. नावाला अक्षर ठिवलं न्हाई."

सारिका पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडू लागली. तीन वर्षांच्या रात्रपाळ्या तिच्या डोळ्यांपुढं दोरीवर वाळत होत्या. केरबाही कासावीस झाला. साबण कमी पडला की काय, ते त्याला कळेना.

तेवढ्यात आक्काताई गिरणीतनं दळण घेऊन आली. तिनं दोरीकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, आणि सरळ आत जाऊन गव्हाच्या पिंपात खांद्यापर्यंत हात घातला. प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढली. आत मूळ कागद होते, गुणपत्रिका आणि दाखल्यासकट, अगदी घडी न मोडलेले.

"रडू नगंस, बाळ. पावडर लावली त्याच दिवशी म्या स्टँडवर जाऊन झेरॉक्स काढून आणल्या. ह्यांनी धुतल्या त्या झेरॉक्स."

सारिकानं आईच्या गळ्यात हात टाकले. मग डोळे पुसले आणि बापाकडं वळली. आवाज चढलाच. "आप्पा, नीट ऐका. मूळ ते मूळ आणि प्रत ती प्रत! मूळ कुणाच्याही हाती द्यायचं नसतं. कडीकुलपात ठेवायचं. कुणी बघायला मागितलं तर त्याला प्रत दाखवायची. समजलं?"

"समजलं," केरबा म्हणाला. आणि या खेपेला लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून ते त्याच्या डोक्यात जरा जास्तच पक्कं बसलं.

सोमवार उजाडला. बाजाराचा दिवस, त्यामुळं आळी सकाळीच रिकामी झाली. साडेनऊची एसटी धरायची म्हणून सारिका आतल्या खोलीत साडी नेसत होती. आक्काताई तिच्या निऱ्या धरत होती. कागदांची पिशवी कोनाड्यात होती. त्या खोलीला खिडकी नव्हती.

केरबा सोप्यात बसून विचार करत होता. आज ऑफिसात बघायला मागणार. काय मागणार? कागद आणि पोरगी. कागदाच्या प्रती कॉम्प्युटरमध्ये होत्या. पोरीची आणि तिच्या आईचीही प्रत कॉम्प्युटरमध्ये होती. मग खोलीत होतं ते काय? मूळ! आणि पोरगी ते सगळं उचलून परक्याच्या दारात घेऊन चालली होती. काल एवढी रडली आणि आज स्वतःच विसरली. कालचं लक्षात ठेवणारा घरात एकटा केरबाच होता.

त्यानं हलक्या हातानं खोलीचं दार ओढलं. बाहेरनं कडी घातली आणि कुलूप दाबलं.

मग त्यानं यंत्रातनं भराभर सगळ्यांच्या प्रती छापून घेतल्या. आतनं हाका येत होत्या, दारावर थापा पडत होत्या. केरबाला बरं वाटलं. मूळ जागेवर आहे, याची खात्री पटली. एक शेवटचं काम त्यानं यंत्रावर उरकलं, दाराच्या फटीतनं काहीतरी आत सरकवलं, पायताण घातलं आणि स्टँड गाठला.

अकराला दहा मिनिटं कमी असताना तो ऑफिसात हजर होता.

टेबलामागच्या कारकुनानं यादी बघितली. "सारिका केरबा चौगुले. मूळ कागदपत्रं?"

केरबानं प्रतींचा गठ्ठा पुढं केला.

"या प्रती झाल्या. मूळ?"

"मूळ घरात, कडीकुलपात. कुणाच्या हाती द्यायचं न्हाई."

"बरं, उमेदवार कुठाय?"

केरबानं सारिकाचा दिवाळीतला फोटो टेबलावर ठेवला. रंगीत होता.

"अहो, हा फोटो आहे! पोरगी कुठाय?"

"ती पण मूळच की, सायेब. तिच्या आईसंगट आत कोंडून आलोय. एकदम सुरक्षित."

कारकुनाची लेखणी थांबली. वीस वर्षं तो त्या खुर्चीवर होता आणि लोकांना परत पाठवण्यात त्याचा हातखंडा होता. पण याला कशासाठी परत पाठवावं तेच त्याला सुचेना. त्यालाही घरी लेक होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आजोबा, मोठे साहेब आज एक वाजेपर्यंत आहेत. तोवर मी नावापुढं गैरहजर लिहीत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्याला फोन करा, कुलूप काढायला सांगा आणि पोरीला आल्या पावली इकडं पाठवा. किल्ली कुणाकडं आहे?"

"किल्ली व्हय? ती बी मूळच. दाराच्या फटीतनं पोरीकडंच आत सरकवली."

"कुलूप बाहेर आणि किल्ली आत? मग दार उघडणार कशानं?"

केरबा हसला. सरकारी माणसाची त्याला दया आली. त्यानं बंडीच्या खिशातनं घडी घातलेला एक कागद काढला, टेबलावर पसरला आणि हातानं सारखा केला. कागदावर काळी कुळकुळीत, दाते मोजून घ्यावेत अशी किल्ली छापलेली होती.

"ही घ्या. तोंड खाली करून काढलीया, जराबी हलू दिली न्हाई," केरबा म्हणाला. "आन् हरवली बिरवली तर असू दे म्हणून, दोन परती काढल्यात."