आतली स्प्रिंग

"…पण मग ही आतली स्प्रिंग घातली कशाला असेल?"

निवास नलवडेने विचारलं आणि रुमालाची गाठ सोडून दोन वस्तू उस्तादांपुढे ठेवल्या. बोटभर लांबीची एक बारीक स्प्रिंग आणि पितळेची एक कडी.

दस्तगीर शिकलगार म्हणजे मिरजेतले बंदुकांचे जुने कारागीर. हात कापू लागले तसं त्यांनी दुकान बंद केलं. निवास त्यांच्याकडे नऊ वर्षं शिकला होता. आता सांगलीत त्याचं स्वतःचं दुकान होतं. आपल्याला न कळणारा पुर्जा अजून घडायचाय, असं तो गिऱ्हाइकांना सांगत असे.

उस्तादांनी त्या वस्तूंना हात लावला नाही. नुसतं बघत राहिले.

पिस्तूल सेकंडहँड घेतलेलं, बरंच जुनं, असं निवासने सांगितलं. गोळी सुटली की वरची स्लाइड मागे जाते. तिला पुन्हा पुढे आणायला एक स्प्रिंग असते. इथे त्या स्प्रिंगच्या पोटात ही दुसरी, पितळेच्या कडीवर टेकवलेली. पीळ उलटा, तार वेगळी, टोकं हातानं घासलेली. कंपनीच्या एकाही चित्रात ती नव्हती. आधी त्याला वाटलं, जास्त जोराच्या काडतुसांसाठी असेल. मग वाटलं, मूळची थकली म्हणून कुणी जोड दिली असेल. पण मूळची ठणठणीत होती. दोन्ही मिळून स्लाइड इतकी जड झालेली, की ती मागे ओढताना त्याच्यासारख्या तगड्या माणसालाही जोर लावावा लागला.

"तीन दिवस डोकं खाल्लं तिनं. शेवटी काढूनच टाकली. आता एका बोटानं सरकते."

"पिस्तूल कुणाचं?" उस्तादांनी विचारलं.

"मुळीकसाहेबांचं. जंगलखात्यातनं रिटायर झालेले. आधी तुमच्याकडंच आणलं होतं, म्हणाले. तुम्हाला जमलं नाही म्हणे."

हे सांगताना त्याला जरा हसू आलं होतं.

"परत दिलंस?"

"सकाळीच."

उस्ताद उठले. भिंतीला धरून त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"गाडी काढ."

मोटारसायकलवर मागे बसून त्यांनी निवासच्या कानाशी सगळं सांगितलं. फार नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी मुळीकांची एकुलती मुलगी स्कूटरच्या अपघातात गेली. स्कूटर बापानेच हौसेनं घेऊन दिलेली. पुढे चार महिन्यांत त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि डावा हात लुळा पडला. एके दुपारी मुळीकबाई पिस्तूल पिशवीत घालून उस्तादांकडे आल्या. हे रोज पिस्तूल मांडीवर घेऊन बसतात, म्हणाल्या. उस्तादांनी सांगितलं, सरळ काढून घ्या.

"बाई म्हणाल्या, काढून घेतलं तर त्यांना कळेल, की मला कळलंय…"

म्हणून उस्तादांनी ती स्प्रिंग वळून आत बसवली होती; स्लाइड मागे ओढल्याशिवाय गोळी चढत नाही, आणि एका हातानं ती ओढली जाऊ नये. पुढे मुळीक स्वतः दुरुस्तीला घेऊन आले, तेव्हा हा पुर्जा मिळत नाही म्हणून परत पाठवलं होतं.

मालगाव रस्त्याला निवास गाडी अशी हाकत होता, की उस्तादांनी दोन्ही हातांनी त्याचा शर्ट घट्ट धरला.

दोघं पोचले तेव्हा चार वाजले होते. मुळीक व्हरांड्यात बसले होते. पुढे टेबल, टेबलावर वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्राखाली उंचवटा. बाई दारात उभ्या होत्या. किती वेळच्या उभ्या होत्या कोण जाणे.

उस्ताद शेजारच्या खुर्चीत बसले. चहा मागितला. निवास पायरीवर टेकला.

चहा आला. प्यायला कुणी नाही. त्यावर साय धरली.

पाच वाजले… साडेपाच.

"चांगलं काम केलं तुमच्या शिष्यानं," मुळीक म्हणाले.

उस्तादांनी कापणारा हात टेबलावर उताणा ठेवला.

मुळीक त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं आणि पिस्तूल त्या तळव्यावर ठेवलं.

"हे नेऊन काय होणार, उस्ताद?"

उस्तादांनी परवाना मागितला.

बाईंनी परवाना आणून दिला. पोलीस ठाण्यात जमा करण्याचा अर्ज निवासने लिहिला. त्याचं अक्षर वळत नव्हतं, दोन कागद फाडावे लागले. मुळीकांनी सही केली आणि डोळे मिटून घेतले. बाईंना रडू आलं, पण त्या आत गेल्या नाहीत. पहिल्यांदाच नवऱ्यासमोर रडल्या.

फाटकाबाहेर आल्यावर निवासने गाडीला किल्ली लावली आणि तसाच उभा राहिला.

"माझ्या हातनं पाप झालं असतं."

उस्ताद गाडीपाशी येऊन थांबले.

"मुळीकसाहेब म्हणाले ते खरंच आहे, उस्ताद. हे नेऊन काय होणार? आता आपण करायचं काय?"

व्हरांड्यातला दिवा अजून कुणी लावला नव्हता. उस्तादांनी एकदा तिकडे पाहिलं आणि निवासच्या खांद्याचा आधार घेत ते मागे बसले.

"उद्या चारला तू इथं चहाला ये. परवा मी येईन."