ढोलीतला वारा

जंगलाला कुंपण ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. ऐनाच्या झाडाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. तिथली मुकादमीण गोदाबाई. रिकामी माशी दिसली की तिचं डोकं फिरायचं. रोज काहीतरी सुधारायचा तिला सोसच होता.

ढोलीच्या तोंडाशी बसलेल्या माश्यांवर ती खेकसली, "भवान्यांनो, नुसते पंख काय हलवताय?"

"वारा घालतोय, बाई. नाहीतर पोळ्याचं मेण पाघळेल."

"वारा काय चाटायचाय? निघा फुलांवर!"

मध वाढला. गोदाबाई फुगली. मग वैशाख तापला. मधानं जड झालेलं पोळं मऊ पडलं आणि पिल्लांसकट कोसळलं. पिल्लांना मुंग्या लागल्या.

संध्याकाळी माश्या फुलांवरून परतल्या.

"बाई, आणलेला मध कुठं ठेवू?"

गोदाबाईला मान वर करवेना.