मनगटावरचं घड्याळ

कासारखेड नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी झाडूवाल्या बायकांना मनगटी घड्याळं वाटली आणि ती घरीसुद्धा काढायची नाहीत, असा हुकूम काढला. घड्याळात माइक आहे, हे कौसल्या गवईला तिच्या लेकीने दाखवलं. कौसल्या तडक साहेबांपुढे उभी राहिली. साहेब हसले. “ते काही ऐकत नाही, बाई. फक्त तुम्ही कुठे आहात ते सांगतं. लपवण्यासारखं काही नसेल, तर घाबरायचं कशाला?”

कौसल्याने वाद घातला नाही. साहेबांच्या केबिनची झाडलोट मात्र तिने मागून घेतली.

सोमवारी ती फरशी पुसत होती. हेडक्लार्क फाइल घेऊन उभे होते. तेवढ्यात साहेबांना आमदारांचा फोन आला. बोलता बोलता त्यांची नजर तिच्या मनगटावर गेली. फोनवर हात ठेवून ते म्हणाले, “बाई, ते घड्याळ आधी बाहेर ठेवून या.”

कौसल्याने फडकं बादलीत टाकलं. “साहेब, हे ऐकत नसेल, तर बाहेर कशाला ठेवू? आणि ऐकत असेल, तर माझ्या घरातलं तरी का ऐकावं?”

हेडक्लार्कनी मान खाली घातली.

कामावरून सुटताना घड्याळं कचेरीत जमा करावीत, असा नवा हुकूम त्याच संध्याकाळी निघाला. जमा करणाऱ्यांच्या रांगेत कौसल्या सगळ्यांत पुढे होती.