साळूबाईचे काटे

फार वर्षांपूर्वी करवंदीच्या रानात साळूबाई नावाची एक साळिंदर राहत असे. एकदा पाणवठ्यावर एक कुत्रा तिच्या अंगावर धावून आला. तिने काटे उभारताच तो पळाला, पण काटे काही खाली बसेनात. तसं फुललेलं अंग घेऊन तिला बिळात शिरता येईना. आतून पिल्लं हाका मारत आणि ती दाराशी अडकून "आलेच हं" म्हणे.

दोन दिवस असे गेले. ससा जाता जाता म्हणाला, "मन शांत ठेव, एवढंच तर करायचंय." ते ऐकून आणखी चार काटे उभे राहिले.

मग घोरपडमावशी आली आणि काटे लागणार नाहीत इतक्या अंतरावर बसली. "काय होतंय गं?"

"कुठे काय? मजेत आहे."

मावशी उठली नाही. शेवटी साळूबाई म्हणाली, "तो कुत्रा परत आला तर?"

"हं."

"मी नसताना पिल्लांकडे आला तर? आणि पाणवठ्यावरची ती खार सगळीकडे सांगत सुटलीय, मी भित्री आहे म्हणून."

बोलता बोलता तिला रडू फुटलं. मावशी नुसती "हं, हं" करत राहिली. रडून झालं आणि साळूबाई पाहते तो काटे पाठीवर निजलेले. ती सरळ बिळात शिरली. पिल्लं तिला बिलगली.

आठवड्याने पाणवठ्यावर पुन्हा कुत्रा भुंकला. काटे पुन्हा ताठ. या वेळी साळूबाई दाराशी अडकून बसलीच नाही. ती थेट घोरपडीकडे गेली.

"मावशी, वेळ आहे का? आज थोडंच सांगायचं आहे."