ठकूचा कातळ

दरीवर पुढे आलेल्या ह्या काळ्या दगडाला, पाहुणे, ठकूचा कातळ म्हणतात. इथे देवी प्रकटली नाही की कुणी सती गेली नाही. एका बाईची जीभ घसरली आणि ती तिने स्वतःच सावरली. एवढ्यावरून दगडाला नाव पडावे, हे पुष्कळ पुरुषांना पटत नाही. न पटो.

ठकू आणि यसू एका गावच्या, जिवाभावाच्या मैत्रिणी. लग्ने होऊन ठकू दरीच्या ह्या बाजूला आली, यसू त्या बाजूला गेली. पुढे ठकूने आपली लेक यसूच्याच घरात दिली. विहिणीच्या पंगतीला गाण्यातून चिमटे काढायची आमच्याकडे रीत. ठकूचा गळा गाजलेला. बाया म्हणाल्या, "हाण गं ठके!" आणि तिने हाणले:

विहीणबाई मोठी, हिच्या डोईवर पदर,
चुलतीच्या दुरडीतली हिनं चोरली भाकर!

मांडव हसून लोळला. दुष्काळातली, पोरवयातली ती गोष्ट आजवर दोघींतच होती. यसू भरल्या ताटावरून उठली. "तुझ्या लेकीला मी जपेन, ठके. पण तिची माहेरची वाट आजपासून बंद!"

असे सांगतात, की दुसऱ्या दिवसापासून ठकू रोज सकाळी ह्या कातळावर उभी राहू लागली. समोरच यसूचे शेत.

थट्टेचं गाणं सखे, मनावर घेऊ नको,
लेकीच्या वाटेवर काटा तू लावू नको.

यसू पाठ करून खुरपत राही. वर्ष गेले, दुसरे लागले. ठकूचा गळा बसला तरी तिने एक सकाळ चुकवली नाही. लेकीला सातवा महिना लागल्याचे तिला बाजारात परक्या बाईकडून कळले. पहिले बाळंतपण, आणि लेक माहेरी यायची नाही! तेव्हा तिची म्हातारी सासू फटकळपणे म्हणाली, "अगं बये, चुकलीस तू, आणि हे नको, ते नको म्हणून शिकवतेस तिलाच?"

दुसऱ्या सकाळी दोन्हीकडची शेते बायांनी भरली, तेव्हा ठकूने सगळ्यांच्या देखत आवाज लावला:

चोरली सखीनं माझ्या भुकेच्या पायी,
अर्धी मीच खाल्ली, ते गाण्यात गायले नाही.

यसूचे खुरपे थांबले. ती उठून उभी राहिली, वळली, आणि दरीपलीकडून ओरडली, "अर्धी कुठली गं, खादाडे? मोठा तुकडा तुझाच होता!"

"होता गं बाई, होता!"

त्याच आठवड्यात म्हणे यसू स्वतः लेकीला घेऊन दरी उतरून आली.

आजही दोन्ही गावांत विहिणीला गाण्यातून चिडवायचे, तर गाणारणीने आधी स्वतःचे एक उणे गावे लागते. खरे उणे. गेल्या वैशाखात एकीने 'मी फार भोळी' असे गायले. विहिणीने घासच उचलला नाही. सगळी पंगत ताटकळली, आणि बाईला दुसरे गाणे गावेच लागले.